दुधाच्या हिशेबातला दिवा

घटस्थापनेच्या सकाळी मी कुंपणालगतच्या जास्वंदीची फुलं काढत होते. मेंदीच्या पलीकडे शेजारच्या वहिनींनी गाडी सुरू केली, बंद केली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. पाचव्या खेपेला मी परडी खाली ठेवली.

"काय वहिनी, बॅटरी बसली का?"

"बॅटरी कशाला बसतीय? दिवा लागलाय वो ताई. जाईना झालाय."

आत त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजींनी, नुकताच नंदादीप लावलेला. त्याला वारा लागू नये म्हणून देवघराचाच काय, हॉलचाही पंखा बंद. तो दिवा नऊ दिवस तेवत राहावा म्हणून आजी डोळ्यांत तेल घालून बसलेल्या, आणि दारातला दिवा जावा म्हणून सून किल्ली फिरवून दमलेली.

मेंदीत एक फट आहे. ती मांजराने पाडली आणि आम्ही दोघींनी वाढवली. तिच्यातून मी पलीकडे गेले. मी अठ्ठावीस वर्षं कोल्हापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. त्याचा तोटा असा की, गल्लीत कुणाची इस्त्री तापेनाशी झाली तरी मला हाक येते.

दिवा लाल होता. पोटाशी कलिंगड धरून बसलेल्या माणसाचं चित्र. एअरबॅगचा दिवा. किल्ली फिरवली की तो लागतो आणि लागायलाच हवा. साधारण सहा मोजेपर्यंत राहतो. तेवढ्या वेळात हँडब्रेकच्या आसपास कुठेतरी बसवलेला एक छोटा डबा प्रत्येक एअरबॅगपर्यंत गेलेली तार चाचपून पाहतो. सगळं जागच्या जागी असेल तर दिवा जातो. गेला नाही तर समजायचं की कुठल्यातरी तारेचं उत्तर डब्याला पटलेलं नाही, आणि उद्या वेळ आलीच तर पिशवी उघडेल याची खात्री तो देत नाही.

संध्याकाळपर्यंत कुंपणावर पंचायत भरली. भाऊजींचं म्हणणं, "गाडी चालतीय न्हवं? मग चालवा." भाऊजींना एअरबॅगांचा अभिमान फार. ड्रायव्हरपुढची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटपुढची २०२१ संपता संपता. मग २०२२ मध्ये सरकार सहा एअरबॅगांची सक्ती आणणार अशी बातमी आली, तेव्हा भाऊजींनी घाई करून सहावालीच गाडी घेतली. ती सक्ती आधी वर्षभर पुढे गेली आणि पुढे बारगळली. भाऊजींचे पैसे मात्र गेले ते गेले. तेव्हापासून ते 'सहा हायत की' म्हणत बेल्ट नुसता खांद्यावर उपरण्यासारखा टाकतात. मी त्यांना दोनदा सांगितलं की, स्टिअरिंगवर एसआरएस लिहिलंय त्यातला पहिला एस म्हणजे पुरवणी. मूळ उत्तरपत्रिका बेल्टची. उत्तरपत्रिका कोरी ठेवून पुरवणी जोडणाऱ्या पोराला मी कधी पास केलेलं नाही.

समोरचे आप्पा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "फ्यूज उपसून टाका." आप्पांचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध असतं. पुण्यात शिकणारा वहिनींचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आला आणि त्याने एकदम निदानच केलं. "आई, क्लॉक स्प्रिंग गेली."

पोरगं अगदीच हवेत बोलत नव्हतं. स्टिअरिंगचं चाक फिरतं, पण त्याच्या पोटातल्या एअरबॅगला जाणारी तार फिरून पिळवटता कामा नये. म्हणून चाकामागे एका चपट्या डबीत तारांची फीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली असते. चाक फिरेल तशी ती उलगडते आणि गुंडाळते. वर्षानुवर्षं हे करून ती कधीतरी तुटते. पण त्याच फितीतून हॉर्नचीही तार जाते आणि स्टिअरिंगवरच्या गाण्याच्या बटणांचीही. फीत तुटली की बहुधा हॉर्नही रुसतो.

"हॉर्न वाजवा वहिनी," मी म्हटलं. वहिनींनी तो असा वाजवला की, आतून आजी ओरडल्या, "अगं देवी घटी बसलीय, दम धर!" बटणंही चालत होती. म्हणजे फितीवरचा संशय उतरला. पुरता गेला असं नव्हे, पण चोर ओळखायच्या परेडमध्ये ती मागच्या रांगेत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी जिथून घेतली त्या वर्कशॉपात नेली. त्यांनी डॅशबोर्डखालच्या सॉकेटात स्कॅनर जोडला. बी अक्षराने सुरू होणारा एक कोड आला. इंजिनचे कोड पी ने येतात, चाकं-ब्रेकचे सी ने, बॉडीचे बी ने. कोडाचा अर्थ: डावीकडच्या पुढच्या सीटच्या बाजूची एअरबॅग, सर्किटात दोष. इथवर ठीक. पण तिथून त्या कोऱ्या शर्टातल्या मुलाने जी उडी मारली ती थेट एकोणतीस हजारांवर. "मॅडम, कंट्रोल युनिट बदलावं लागेल. वर टॅक्स."

"सीटखाली बघितलासा का?" वहिनींनी विचारलं.

"कोड आलाय ना मॅडम."

माझा जीव इथे चडफडला. कोड म्हणजे पाकिटावरचा पत्ता. आतल्या चिठ्ठीत काय आहे ते पत्त्यावरून कळत नाही. सर्किट म्हणजे एअरबॅग, तिची तार, मधला कनेक्टर आणि तो डबा, चौघं मिळून. त्यातला सगळ्यात महागडा उचलून 'हाच' म्हणायला स्कॅनर कशाला लागतो? डबा कधी बिघडतच नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ च्या जानेवारीत मारुतीने याच डब्याच्या शंकेवरून १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या आणि सदोष डबे फुकट बदलून दिले होते. पण वहिनींची गाडी त्या कंपनीची नव्हे, आणि हिचा दिवा तर वर्कशॉपातून परत येताना दसरा चौकातच आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना आणखी एक गुरू भेटले. पंपाशेजारी टपरीवजा गॅरेज. म्हणाले, चारशे द्या, दिवा घालवून देतो. कसा, तेही मोकळेपणाने सांगितलं. एकतर मीटर खोलून दिव्यावर काळी पट्टी मारायची. पण मग सुरुवातीला सहा मोजेपर्यंतही दिवा लागत नाही आणि जाणत्याला कळतं. म्हणून त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडायची, म्हणजे तो त्याच्याबरोबर लागतो आणि त्याच्याबरोबर जातो. किंवा एअरबॅगच्या जागी तेवढ्याच मापाचा रेझिस्टर खोचून द्यायचा. डब्याला वाटतं पिशवी आहे. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. अपघातात फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नवी न बसवता हाच रेझिस्टर बसवून गाड्या विकणारे लोक आहेत.

वहिनी म्हणाल्या, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय?" आणि काच वर केली.

आता वहिनींचं एक कौतुक सांगते. त्यांनी दुसऱ्याच दिवसापासून नोंद ठेवायला सुरुवात केली. कुठे, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब असतो. तारखेच्या चौकोनात वर '२ लि.', खाली 'दि' म्हणजे दिवा लागला. दुपारी गेला तर 'दि' वर काट. काही गाड्यांत एकदा लागलेला दिवा कोड पुसेपर्यंत जात नाही. वहिनींच्या गाडीत मात्र दोष निवला की पुढच्या स्टार्टला जायचा. त्यामुळे त्या चौकोनांत एक गोष्ट आपोआप लिहिली जात होती, फक्त आम्हाला ती अजून वाचता येत नव्हती.

सहाव्या माळेला मी ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून कुंपणाशी घेऊन बसले. परतीचा पाऊस चालू होता. ज्या रात्री पाऊस, त्या सकाळी 'दि'. उन्हं तापली की काट. एका कोरड्या दिवशीही 'दि' होता.

"या दिवशी काय झालं होतं?"

"रविवार न्हवं? गाडी धुवायला पोरगं आलतं. आतनं ओल्या फडक्यानं पुसून घेतली मी."

"मग हे ओलीचं दुखणं आहे. सांधेदुखीसारखं."

"बघा की! आजीचा गुडघाबी त्याच दिवशी धरला हुता. त्येबी लिवून ठेवायला पायजे हुतं."

मग आम्ही गाडी घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथला एक वायरमन माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा. दुकान म्हणजे दोन शटर, एक ऑइलने माखलेलं बाकडं आणि भिंतीवर अंबाबाईचा फोटो. मिस्त्रींनी आधी वहिनींकडे बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, दिवा घालवायचा हाय का दुखणं काढायचंय? दोन्हीचा रेट येगळा."

"दुखणं."

"मग बसा. आधी बोलू."

आणि तो माणूस खरंच बोलत बसला. स्कॅनर त्याच्याकडेही होता, त्याने तो जोडला, कोड बघितला, बाजूला ठेवला. मग चौकशा. या सीटवर बसतं कोण? सीट मागंपुढं कोण करतं? सीटखाली काय ठेवता? सीटकव्हर कधी घातलं? गाडी पाण्यात गेली होती का? उंदरांचा त्रास? वर्कशॉपातल्या मुलाने यातलं एकही विचारलं नव्हतं. कुंपणावर आम्ही बायका जे तास-तासभर करतो आणि ज्याला घरचे पुरुष 'रिकाम्या गप्पा' म्हणतात, तेच हा माणूस पैसे घेऊन करत होता. वहिनींनी पर्समधून कॅलेंडरचं पान काढून दिलं. मिस्त्रींनी ते उभं धरलं, आडवं धरलं आणि म्हणाले, "ह्ये स्कॅनरपेक्षा भारी हाय."

मग त्यांनी विचारलं, "वास कसला आलता का गाडीत? मागच्या दोन-चार महिन्यांत?"

वहिनी म्हणाल्या, "आलता की! श्रावणात आठ दिवस उंदीर मेल्यागत वास. आजी गाडीत बसंना झाल्या. उंदीर काय घावला न्हाई. मग ताईंनी कापूर ठेवायला सांगितला."

मी भिंतीवरच्या अंबाबाईकडे बघू लागले.

मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चहा सांगितला. मला वाटलं पाहुणचार. पण चहा हा कामाचाच भाग होता. टक्कर होताना बॅटरीची तार तुटली तरी पिशवी उघडायला हवी, म्हणून त्या डब्यात कपॅसिटर असतो, तो थोडी वीज पोटात धरून ठेवतो. बॅटरी काढल्यावर ती वीज ओसरेपर्यंत हात लावायचा नाही. "कुणी कंपनी दीड मिनिट म्हनती, कुणी तीन. मी एक चहा धरतो," मिस्त्री म्हणाले.

चहा येईपर्यंत मी त्या दोघांना जॉन हेट्रिकची गोष्ट सांगितली. मास्तरकी जात नाही अंगातली. १९५२ चा सुमार, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. हा गृहस्थ रविवारी बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाला होता. रस्त्यात आडवं काहीतरी आलं, त्याने ब्रेक मारला, गाडी चरात गेली. त्या क्षणी दोघा नवरा-बायकोंनी काय केलं, तर मध्ये बसलेल्या मुलीपुढे हात आडवे धरले, ती डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून. घरी गेल्यावर त्याच्या डोक्यात बसलं की हे हाताचं काम एखाद्या उशीने का करू नये. १९५३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. गाड्यांत ती उशी सर्रास यायला पुढे कित्येक वर्षं गेली आणि तोवर पेटंटची मुदत संपून गेली होती.

वहिनी म्हणाल्या, "आजीबी ह्येच करत्यात. मी ब्रेक मारला की त्यांचा हात माझ्या छातीवर. ऐंशी वर्षांच्या हाताचा काय उपेग? पन येतोय."

तेवढ्यात कप रिकामे झाले. मिस्त्रींनी सीटचे चारही बोल्ट सोडले आणि ते धूड हळूच मागे कलतं केलं. खाली तारांचा जुडगा, त्यात पिवळ्या नळीतली एक जोडी आणि तिला पिवळा कनेक्टर. एअरबॅगच्या तारा ओळखायला हा पिवळा रंग पुरतो. पिवळं दिसलं की शहाण्याने हात मागे घ्यावा. वहिनींचा मुलगा फोनवर होताच. तो म्हणाला, "काका, मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स बघा ना." मिस्त्रींनी फोनकडे असं बघितलं की, पोराने तिकडे कॅमेरा बंद केला असावा.

"बाळ, आत बारका फटाका असतोय. मीटरबी करंट सोडतोय. उडली तर सीट माझ्या तोंडावर."

यातलं विज्ञान मला फार आवडलं, म्हणून सांगते. त्या फटाक्याच्या तारेचा रोध जेमतेम दोन ओहमच्या आसपास. साठ वॅटचा जुना बल्ब पेटता असताना त्याचा रोध आठशे ऐंशीच्या घरात जातो, म्हणजे हे किती थोडं ते बघा. सव्वा अँपिअरच्या आसपासचा प्रवाह दोन मिलिसेकंद गेला की फटाका उडतो, गॅस सुटतो, पिशवी फुगते. समोरच्या पिशवीला तीसेक मिलिसेकंद लागतात. बाजूच्या पिशवीला त्याहून घाई, कारण दार कोपराला लागूनच असतं. डबा एरवी त्या तारेतून अगदी चिमूटभर प्रवाह सोडून सारखा रोध मोजत असतो. दोनाचे तीन-चार झाले तरी त्याला खपत नाही. आता कनेक्टरच्या पिना जरा कळंकल्या तर तेवढा ओहम सहज वाढतो. म्हणून या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो.

"सोनं?" वहिनी पुढे वाकल्या.

"वाळ्या-तोड्याएवढं न्हाई ताई. फुंकर मारली तर उडंल."

मिस्त्रींनी कनेक्टरची कडी दाबून तो सोडवला. तो सुटला की एअरबॅगकडच्या अर्ध्या भागात एक पत्री खाली येऊन दोन पिना एकमेकींना जोडते, म्हणजे अंगावरच्या टेरिकॉटच्या ठिणगीनेही फटाका उडू नये. असली बारीक काळजी करणारा माणूस मला भेटला तर मी त्याला जेवायला बोलावीन. तारेकडचा भाग त्यांनी उजेडात धरला. पिना चकचकीत होत्या, सोन्याने आपलं काम केलं होतं. पण पिनांच्या भोवती, कनेक्टरच्या कोपऱ्यांत आणि मागे तार जिथे दाबून बसवतात तिथे पांढरी साय धरली होती. खाली गालिचावरही तीच साय, नकाशातल्या किनाऱ्यासारखी वळणं घेत गेलेली.

मिस्त्रींनी बोट लावलं, बोट जिभेला लावलं आणि थुंकले. "मीठ."

हवा कोरडी असली की मीठ गप्प बसतं. रात्री पाऊस पडला, गालिचा ओल धरू लागला, की तेच मीठ ओल शोषून घेतं आणि वीज वाहून नेऊ लागतं. पिनेवरचा थोडा प्रवाह सीटच्या लोखंडात झिरपतो, डबा म्हणतो इथे गळती आहे, आणि दिवा लावतो. दुपारी उन्हाने सगळं सुकलं की गळती बंद. कॅलेंडरवरच्या प्रत्येक 'दि'चा आणि प्रत्येक काटेचा हिशेब लागला.

"पन मीठ आलं कुठनं?" वहिनी म्हणाल्या. "समुद्राला तर आम्ही..." आणि थांबल्या.

मिस्त्रींनी गालिचाच्या कडेतून चिमट्याने काहीतरी उचललं. लांब, बारीक, लालसर. त्यांनी ते तळहातावर ठेवलं.

"मिशी हाय," ते म्हणाले. "कोळंबीची."

आता मला सांगितलंच पाहिजे. माझं माहेर रत्नागिरीचं. कोल्हापूर म्हणजे मटणाचं गाव, इथल्या तांबड्या-पांढऱ्याबद्दल मी कधी वाईट बोललेली नाही, पण जीभ माहेरचीच राहते. जून-जुलै मासेमारी बंद. १ ऑगस्टला बोटी सुटतात. त्या वर्षी दिव्यांची अवस बोटी सुटल्यावर तीन-चार दिवसांत आली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे खायचं ते त्याआधी. वहिनी आणि भाऊजी नेमके गणपतीपुळ्याला गेलेले. मी भावाला फोन केला, मिरकरवाड्यावरून कोळंबी आणि बांगडे घे आणि परतताना यांच्या गाडीत दे. डिकीत भाऊजींचे नारळ. म्हणून तो थर्माकोलचा डबा मागच्या बाजूला खाली, पुढच्या सीटच्या बुडाशी कोंबला. आणि आंबा घाट! प्रत्येक वळणाला डबा डुचमळत आला असणार.

नुसत्या बर्फाचं पाणीही इतकं खारट झालं नसतं. पण फोनवर मीच भावाला सांगितलं होतं, "बर्फावर दोन मुठी खडेमीठ टाक, म्हणजे बर्फ जास्त गार होतो." आइस्क्रीमच्या भांड्याचं तत्त्व. आठवीला शिकवायचे मी.

मिस्त्री मिशीकडे बघत होते, वहिनी मिशीकडे बघत होत्या, मी अंबाबाईकडे. वहिनी काही बोलल्या नाहीत. मिस्त्रींनी विषय बदलला, शहाणा माणूस.

कनेक्टर स्प्रेने धुऊन सुकवता आला असता. पण मागच्या बाजूला तारेच्या तांब्याला हिरवा कळंक चढला होता. तार तोडून डाग देऊन सांधा मारायला मिस्त्री तयार होईनात. पिवळ्या तारेला सांधा नाही, कंपनीचा जोड मिळतो तोच घालायचा. तो दुसऱ्या दिवशी आला. जोड बसवल्यावर त्यांनी लगेच एअरबॅग जोडली नाही. आधी तिच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावला, बॅटरी जोडली, कोड पुसला, किल्ली फिरवली. आम्ही तिघांनी मोठ्याने सहा मोजले. दिवा गेला. म्हणजे तार निर्दोष आणि डबाही निर्दोष. एकोणतीस हजारांचा डबा! पंपावरच्या गुरूंनी लावला असता तोच रेझिस्टर, पण इथे तो परीक्षेपुरता आला आणि परत मिस्त्रींच्या डबीत गेला. पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा चहा झाला, मग खरी एअरबॅग जोडली. पुन्हा सहा मोजले. गेला.

जाता जाता मिस्त्रींनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक, सीटकव्हर. भाऊजींनी हौसेने घातलेलं जाड, चहूबाजूंनी शिवलेलं. बाजूची पिशवी सीटच्या कडेच्या शिवणीतून बाहेर येते. तिच्यावर दुसरी शिवण घालून ठेवली तर ती यायची कुठून? ते कव्हर तिथेच उतरवलं. दुसरी गोष्ट अवघड होती. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला पितळी गणपती चिकटवलेला, आणि तो नेमका एअरबॅगच्या झाकणावर.

"ह्यो हितं नगं ताई. झाकण उघडलं तर देव गोळीगत येतोय मानसाच्या तोंडावर."

वहिनी म्हणाल्या, "बाप्पा राखणीलाच ठेवलाय की."

"राखण करूंदे. पन बाजूला बसून."

गणपती आता घरी देवघरात आहे, नंदादीपाशेजारी. गाडीत त्याच्या जागी छोटा चपटा फोटो आहे, तोही कडेला. आजींना हा फेरफार आवडलेला नाही. 'एका दिव्यापायी देव हलवला' असं त्या येईल त्याला सांगतात.

बिल झालं एकोणीसशे पन्नास, जोडासकट. मी निम्मे काढून वहिनींच्या हातात ठेवले आणि म्हटलं, "वहिनी, ते मीठ..."

"मला मिशी बघितली तवाच कळलं. चला आता."

खंडेनवमीला मिस्त्रींची हत्यारं पूजेला बसली. पान्यांना, पक्कडींना आणि त्या स्कॅनरलाही झेंडूचं फूल. दसऱ्याला वहिनींच्या गाडीला हार घातला, आणि संध्याकाळी आम्ही दोन्ही घरं दसरा चौकात सोनं लुटायला गेलो. छत्रपतींची १९३६ ची मेबॅक आली तेव्हा भाऊजींनी ऊर भरून नमस्कार केला. "हिला किती एअरबॅगा?" असं मी विचारलं नाही. घरी परतताना मात्र त्यांनी बेल्ट खटक्यात अडकवलेला मी आरशात पाहिला.

रात्री कुंपणाच्या फटीतून हात आला. आपट्याची पानं.

"घ्या ताई सोनं. आणि भावाला तुमच्या फोन करा. दिवाळी झाली की आम्ही परत पुळ्याला जातोय. डबा स्टीलचा द्यायचा, झाकणाला रबर पाहिजे. मीठ नको म्हणावं."

मी लगेच फोन केला. दादा म्हणाला, रबराच्या झाकणाचा डबा रत्नागिरीत मिळतो.

"आणि बांगडे आमच्यासाठीबी चार घ्यायला सांगा," पलीकडून आवाज आला. "आजीला कळायला नको."